ब्लॅकविंग डेक: वाऱ्यांची नावं घेतलेले काळे पक्षी

युगिओ हा जपानी कार्डांचा खेळ खेळणाऱ्यांना ब्लॅकविंग हे नाव नवीन नाही. २००८ च्या अखेरीस जपानमध्ये आलेला, काळ्या पिसांच्या पक्ष्यांचा हा डेक, म्हणजे खेळायला घेतलेला कार्डांचा गठ्ठा. 'फाइव्ह डीज' या युगिओच्या अ‍ॅनिमे मालिकेतला क्रो हाच डेक खेळतो, त्यामुळे अनेकांची पहिली ओळख तिथलीच. या डेकबद्दल जे परीक्षण वाचावं त्यात एका चालीत किती मॉन्स्टर, म्हणजे लढणारी कार्डं, उतरतात आणि शेवटी कोणता ड्रॅगन उभा राहतो, एवढंच असतं. ते सगळं बरोबर आहे. पण माझं म्हणणं असं की हा डेक घ्यावा तो त्यातल्या नावांसाठी, आणि जमलं तर जपानी छपाईतला घ्यावा.

मी पुण्यात जपानी दुभाषी म्हणून काम करते. भाचा हा खेळ खेळतो, त्याच्यामुळे ही कार्डं माझ्या हातात आली. त्याला कार्डाखालचा मजकूर हवा असायचा आणि माझी नजर वर, नावावरच अडकायची. आता माझा स्वतःचा डेक आहे आणि मी तो मनापासून खेळते. तरी अजूनही नवीन कार्ड हातात आलं की आधी नाव वाचते, मग चित्र बघते आणि मगच ते करतं काय याकडे वळते.

जपानी कार्डावर नाव कसं छापलेलं असतं ते सांगते. आधी 'बीएफ' ही दोन रोमन अक्षरं. त्यांच्या डोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत 'बुराक्कु फेझा', म्हणजे ब्लॅक फेदर, असा उच्चार. पुढे चित्रलिपीत एक विशेषण. मग 'नो', आपल्या चा-ची-चे सारखा. आणि सगळ्यात शेवटी कटाकाना लिपीत पाहुणा शब्द, जो बहुतेक वेळा जगातल्या कुठल्या ना कुठल्या वाऱ्याचं नाव असतो. कटाकाना ही जपान्यांनी परदेशी शब्दांसाठी राखून ठेवलेली लिपी. त्यामुळे नावाचा पुढचा भाग घरचा आणि मागचा भाग दूरदेशीचा, हे नुसत्या अक्षरांच्या वळणावरूनच डोळ्यांना कळतं.

आता हे दोन भाग एकमेकांशी काय बोलतात ते बघा. सगळ्यात गाजलेलं कार्ड 'शिप्पू नो गेल'. शिप्पू म्हणजे सुसाट वारा, आणि इंग्रजी गेल म्हणजेही सुसाट वारा. म्हणजे नावातच वारा दोनदा वाहतो, एकदा जपानीत आणि एकदा इंग्रजीत. 'दोकुफू नो सिमून' मध्ये सिमून हा अरबस्तानातल्या वाळवंटातला जीवघेणा उष्ण वारा. त्याचं नाव अरबीतल्या विष या अर्थाच्या धातूवरून आलेलं आहे आणि दोकुफू म्हणजे विषारी वारा. 'साजिन नो हरमॅटन' मधला हरमॅटन सहाराकडून पश्चिम आफ्रिकेवर धुळीचे लोट घेऊन येतो. साजिन म्हणजे उडती धूळ. 'नेप्पू नो गिब्ली' मधला गिब्ली लिबियाचा, नेप्पू म्हणजे गरम वारा. याच वाऱ्यावरून जपानमधल्या त्या प्रसिद्ध अ‍ॅनिमेशन स्टुडिओनेही आपलं नाव घेतलं. या सगळ्यांत विशेषण हे पाहुण्या शब्दाचं भाषांतर असतं. ज्याला अरबी किंवा इटालियन येत नाही त्या जपानी मुलालाही हा वारा कशा जातीचा आहे ते पहिल्या दोन अक्षरांत समजतं. आमच्या धंद्यात याला चोख काम म्हणतात.

घरचे वारेही आहेत. 'तोप्पू नो ओरोशी' मधला ओरोशी म्हणजे डोंगरावरून खाली झेपावणारा थंड वारा. कोबे शहराच्या पाठीमागच्या रोक्को डोंगरावरचा ओरोशी तर जपानभर माहीत आहे. पण माझं आवडतं आहे 'शिनोनोमे नो कोची'. कोची म्हणजे पूर्वेचा वारा, जपानी कवितेत प्लमच्या फुलांबरोबर येणारा, वसंताची वर्दी देणारा. शिनोनोमे म्हणजे झुंजुमुंजू, पहाट. हे दोन्ही शब्द चित्रलिपीत लिहिले तर दोघांचं पहिलं अक्षर एकच: पूर्व. कार्डावर मात्र कोची कटाकानात लिहिलाय, त्यामुळे 'पूर्व' हे अक्षर एकदाच दिसतं. दुसऱ्यांदा ते वाचणाऱ्याने मनातल्या मनात भरायचं. कार्डांच्या पाकिटात इतकी नाजूक कारागिरी सापडेल असं मला वाटलं नव्हतं.

इंग्रजी छपाईत यातलं काय उरतं? थोडंफार. मिस्ट्रल, सिरोको, झेफिरॉस हे युरोपातले वारे जसेच्या तसे आलेत. पण 'तेस्सा नो फेन' बघा. हा आल्प्सवरून उतरणारा कोरडा, उबदार वारा, ज्याला जर्मन लोक फॉन म्हणतात आणि जपानी फेन. इंग्रजी कार्डावर जपानी उच्चार ऐकून स्पेलिंग केल्यासारखं झालंय आणि त्या स्पेलिंगचा इंग्रजीत अर्थ होतो देऊळ. लोखंडी साखळी राहिली, वारा निघून गेला. कोचीचं नाव इंग्रजीत आहे, पण पूर्व दिशेचा सगळा खेळ गेला. म्हणून मी जपानी छपाईचा आग्रह धरते.

आता आपल्या घरच्या वाऱ्याकडे येते, कारण मराठी वाचकाला या डेकमध्ये जे मिळतं ते जपानी मुलाला मिळत नाही आणि अमेरिकन मुलाला तर नाहीच नाही.

'ताइहाई नो वायु'. हो, आपलाच वायू. दीर्घ 'वा' सुद्धा नीट लिहिलाय. ताइहाई म्हणजे मोठं निशाण, ध्वज. इंग्रजीत त्याचं 'सन्मानाचं चिन्ह' अशा अर्थाचं काहीतरी झालंय आणि ते वाचून कुणालाही वाटेल की ही शौर्यपदकाची गोष्ट आहे. तसं नाही. वायुदेवाच्या मूर्तीत त्याच्या हातात ध्वज असतो. वारा डोळ्यांना दिसत नाही, पण फडकणारं निशाण दिसतं, म्हणून शिल्पकारांनी त्याच्या हाती निशाण दिलं असावं. हाच वायू बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला गेला आणि तिथे फूतेन झाला. बारा दिक्पाल देवतांच्या मांडणीत तो वायव्येचा राखणदार आहे आणि तिथेही हातात पताका लावलेला दंड धरून उभा असतो. क्योतोच्या तोजी मंदिरासाठी ११२७ साली रंगवलेला या बारा देवतांचा चित्रसंच आज क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. म्हणजे कार्डाला नाव देणाऱ्याने ताइहाई हा शब्द सहज टाकलेला नाही. त्याला त्या दंडावरची पताका माहीत असावी, असं मला वाटतं. आपण वायव्य दिशा म्हणतो तेव्हा त्यात वायू असतो हे आपल्या रोजच्या बोलण्यात विरून गेलंय. या कार्डाने मला ते नव्याने दिसलं.

पण खरी गंमत कार्डाच्या चालीत आहे. वायू लेव्हल १ चा, म्हणजे सगळ्यात खालच्या दर्जाचा; अटॅक, म्हणजे हल्ल्याचं बळ, ८००. ट्यूनर आहे, म्हणजे दुसऱ्या मॉन्स्टरबरोबर लेव्हलची बेरीज करून तेवढ्या लेव्हलचा मोठा मॉन्स्टर बोलावण्यासाठीचं कार्ड; या बोलावण्याला सिंक्रो समन म्हणतात. पण मैदानावर उभा असताना वायूला सिंक्रो समनसाठी वापरता येत नाही. ट्यूनर असून ट्यूनरचं काम करायला मनाई! त्याचं काम सुरू होतं तो ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात, गेल्यावर. तिथे पडलेला वायू आणि तिथलाच ट्यूनर नसलेला आणखी एक ब्लॅकविंग, असे दोघे मिळून खेळाबाहेर जातात आणि दोघांच्या लेव्हलची बेरीज जेवढी, तेवढ्या लेव्हलचा ब्लॅकविंग सिंक्रो मॉन्स्टर एक्स्ट्रा डेकमधून, म्हणजे बाजूला ठेवलेल्या खास गठ्ठ्यातून, मैदानावर येतो. त्याचे विशेष गुण मात्र बंद असतात. समोरच्या खेळाडूला मैदानावर वायू दिसतच नाही, दिसतो तो त्याने घडवलेला परिणाम. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाताचं एक सूक्त आहे, त्यात ऋषी म्हणतो की याचा आवाज तेवढा ऐकू येतो, रूप दिसत नाही. डेक बनवणाऱ्यांनी ते सूक्त वाचलं होतं की नाही, याला माझ्या लेखी महत्त्व नाही. कार्ड त्या सूक्तासारखं वागतं.

आणि वातही आहे! २०२२ मध्ये 'डार्कविंग ब्लास्ट' हा संच आला, त्यात 'बुराई नो वाता'. बुराई म्हणजे कुणाचा आधार नसलेला, कुणाचं न ऐकणारा, भटका. भाच्याने ते कार्ड पहिल्यांदा उघडलं तेव्हा विचारलं, "आत्या, वायू आणि वाता भाऊ भाऊ आहेत का गं?"

हा प्रश्न साधा नाही. वेदात दोन्ही नावं वाऱ्याचीच. ढोबळमानाने, वायू हा जास्त करून देव, इंद्राचा जोडीदार, सोम पिणारा. वात म्हणजे प्रत्यक्ष वाहणारा, झाडं मोडणारा, पर्जन्याबरोबर येणारा वारा. एकाला निशाण मिळालं, दुसऱ्याला भटकेपण. जपानी नावात हा फरक अचूक उतरलाय. इंग्रजीत दोघांनाही तेच 'चिन्ह' लावून टाकलंय. चालही त्याला साजेशी: वाता मैदानावरून निघतो, डेकमधून ट्यूनर नसलेले ब्लॅकविंग थेट ग्रेव्हयार्डमध्ये ओढून नेतो आणि लेव्हलची बेरीज ८ झाली की ब्लॅक-विंग्ड ड्रॅगन उभा करतो. हातात काही नसताना, नुसत्या डेकमधून. भाच्याला मी शाळेच्या भूगोलातला वातकुक्कुट दाखवला. वारा आणि कोंबडा एकाच शब्दात! मग त्याला वातावरण हा शब्दही आपोआप फोडता आला. शाळेत हे सांगितलं असतं तर त्याने कानांवर घेतलं नसतं.

आता या डेकमधली माझ्या मते सगळ्यात सुंदर जोडी. ही दोन कार्डं वारा नाहीतच.

'जोगेन नो पिनाका' आणि 'कागेन नो सारुंगा'. इंग्रजीत यांना वाढत्या चंद्राचा पिनाकी आणि उतरत्या चंद्राचा शार्ङ्ग अशा अर्थाची नावं आहेत. इंग्रजी वाचणाऱ्याला चंद्र कळतो आणि पुढचे शब्द नुसते आवाज वाटतात. मराठी वाचणाऱ्याला पुढचे शब्द कळतात: पिनाक हे शंकराचं धनुष्य, शार्ङ्ग हे विष्णूचं. पिनाकपाणी आणि शार्ङ्गपाणी ही नावं स्तोत्रांत आपण लहानपणापासून ऐकतो. मेहकरला शार्ङ्गधर बालाजीचं देऊळ आहे. पण मग धनुष्याचा आणि चंद्राचा संबंध काय, हे मराठी वाचकाला कळत नाही. तो दुवा जपानीत आहे.

जपानीत शुक्ल अष्टमीच्या अर्ध्या चंद्राला जोगेन म्हणतात आणि कृष्ण अष्टमीच्या अर्ध्या चंद्राला कागेन. जो म्हणजे वर, का म्हणजे खाली, आणि गेन म्हणजे धनुष्याची दोरी, प्रत्यंचा. अर्धा चंद्र म्हणजे ताणलेलं धनुष्य, त्याची सरळ कड म्हणजे दोरी. मावळताना एकाची दोरी वर असते, दुसऱ्याची खाली. पंचांगातला हा रोजचा शब्द घेऊन कुणीतरी विचार केला की चंद्राची दोन धनुष्यं आहेत, तर पुराणात जोडीने येणारी दोन धनुष्यं कोणती? आणि त्याला भारतातली जोडी सापडली.

ती खरोखरच जोडी आहे, हे महत्त्वाचं. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात परशुराम रामाला सांगतो की विश्वकर्म्याने दोन दिव्य धनुष्यं घडवली, एक शंकराला दिलं आणि एक विष्णूला. देवांनी दोघांचं बळ अजमावलं. पुढे शंकराचं धनुष्य जनकाच्या घरी गेलं आणि रामाच्या हातून मोडलं. विष्णूचं परशुरामाकडे होतं, त्यालाही रामानेच दोरी चढवली. एक धनुष्य वाढत्या चंद्राचं, दुसरं उतरत्या. एकाच कारागिराची दोन कामं, एकाच महिन्याचे दोन अर्धे भाग. या दोन कार्डांच्या नावांत मला कुठेही काही ओढूनताणून आणल्यासारखं वाटत नाही. संस्कृत आणि जपानी दोन्ही थोडं थोडं येणाऱ्या माणसाला यात जो आनंद मिळतो तो मी शब्दांत सांगू शकत नाही, म्हणून सरळ एवढंच सांगते: ही दोन कार्डं डेकमध्ये ठेवायची नसली तरी घ्या.

पिनाकाची चालही मला आवडते. मैदानावरून ग्रेव्हयार्डमध्ये गेला की त्याच चालीच्या शेवटी तो डेकमधला एक दुसरा ब्लॅकविंग हातात आणून देतो. एक बाण सुटला की भात्यातून दुसरा. लेव्हल ३ चा ट्यूनर आहे, त्यामुळे तो ग्रेव्हयार्डमध्ये जाणार हे जवळजवळ ठरलेलंच असतं. डेकमध्ये तो मनापासून खेळावा असा आहे.

'सोएन नो शुरा' बद्दल थोडक्यात. शुरा म्हणजे असुर: असुर, आशुरा, शुरा असा तो शब्द जपानीत झिजत गेला आणि तिथे त्याला कायमच्या लढाईचा अर्थ चिकटला. कार्ड १८०० अटॅकचं आहे आणि लढाईत समोरच्याला मारलं तरच डेकमधून नवा साथीदार बोलावतं. शुराला लढल्याशिवाय काही मिळत नाही, बरोबर आहे. नारा शहरातल्या कोफुकुजी मंदिरात ७३४ सालचा आठ रक्षक देवतांचा मूर्तिसंच आहे, त्यात तीन तोंडांचा आशुरा आहे आणि पक्ष्याच्या चोचीचा कारुरा, म्हणजे गरुडही आहे. युगिओत गरुडाचं वेगळं कार्ड आहे, 'काझे नो सेइरेई गारूदा', वाऱ्याचा आत्मा गरुड. ते मला फिकं वाटतं. स्वर्गातून अमृत आणणाऱ्या पक्ष्याला समोरच्या मॉन्स्टरची उभी-आडवी स्थिती बदलण्याचं काम देणं म्हणजे नावाचा अपव्यय. फारसी सीमुर्गाचीही कार्डं आहेत, पण 'सी मुर्ग' म्हणजे तीस पक्षी, ही सूफी कवी अत्तारने अमर केलेली कोटी त्यांच्या चालीत मला कुठे दिसली नाही.

पक्ष्यांच्या कार्डांचा विषय निघाला की याता-गारासुला टाळता येत नाही. हा जपानच्या पुराणातला कावळा. जिम्मू सम्राट कुमानोच्या डोंगरात वाट चुकला तेव्हा देवांनी या कावळ्याला पाठवलं आणि त्याने सम्राटाला यामातोपर्यंत नेलं. चित्रांत त्याला तीन पाय असतात. जपानच्या फुटबॉल संघाच्या शर्टावर तोच आहे. युगिओतलं त्याचं कार्ड अवघ्या २०० अटॅकचं, पण त्याने इजा केली की समोरच्याला पुढच्या चालीत कार्डच उचलता येत नाही. चालीच्या शेवटी तो मालकाच्या हातात परत जातो, म्हणून त्याला पकडणंही अवघड. समोरच्याचे हात आणि मैदान रिकामं करून याता सोडला की खेळ संपलाच: तो माणूस बसून राहतो आणि २००-२०० ने त्याचे ८००० गुण झिजत जातात. २००४ साली बंदी घातलेल्या कार्डांची पहिली यादी आली तेव्हा त्यात हा कावळा होता, आणि ते योग्यच झालं.

वाट दाखवणाऱ्या पक्ष्याला वाट अडवायला लावलं, असं मला पूर्वी खटकायचं. पण कार्डावरचं जपानी नाव नीट बघा. पुराणातल्या नावात मधलं अक्षर लांबी मोजण्याच्या एका जुन्या मापाचं आहे. कार्डावर त्याजागी त्याच उच्चाराचं दुसरं अक्षर छापलंय, आणि ते अक्षर जपानीत चाळून बाजूला काढणं, बाद करणं या अर्थाच्या शब्दात येतं. पुराणातला कावळा वेगळा आणि हा वेगळा, हे नावातच लिहिलंय. एकही जादा शब्द न वापरता.

ज्यांना ब्लॅकविंगची गुंतागुंत नको असेल त्यांनी 'फुवांदारीझु' बघावा. इंग्रजीत याचं फ्लोवांडरीझ असं काहीतरी झालंय. जपानीत फुवाफुवा म्हणजे पिसासारखं हलकं तरंगणं, त्यात इंग्रजीतलं भटकणं मिसळलंय. २०२१ मध्ये आलेला हा डेक. नावं बाळबोध हिरागाना लिपीत, छोट्या मुलांच्या पुस्तकातल्यासारखी: रोबीना म्हणजे रॉबिन, इगुरुन म्हणजे ईगल, एम्पेन म्हणजे एम्परर पेंग्विन. सोबतच्या जादूच्या आणि सापळ्याच्या कार्डांत एक नकाशा आहे, एक भीतीदायक समुद्र आहे, एक स्वप्नातलं गाव आहे. सगळे मिळून प्रवासाला निघालेत.

आणि त्यांची चाल म्हणजे हुबेहूब स्थलांतर. बहुतेक डेक स्पेशल समनवर, म्हणजे कार्डांच्या गुणांनी जादा मॉन्स्टर उतरवण्यावर, चालतात, हा नेहमीच्या साध्या समनवर चालतो: एक पक्षी उतरतो, डेकमधून दुसऱ्याला हाक मारतो, तो लगेच उतरतो. ते छोटे पक्षी मैदान सोडतात तेव्हा ग्रेव्हयार्डमध्ये जात नाहीत, खेळाबाहेर जातात. आणि पुढे मैदानावर एखादा पक्षी उतरला की गेलेला पक्षी हातात परत येतो. दरवर्षी भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नुसत्या नियमांतून ऋतू उभा केलेला मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. समोर बसून याच्याशी खेळणं मात्र कंटाळवाणं होऊ शकतं, हेही खरं. पक्ष्यांची ये-जा संपेपर्यंत वाट बघावी लागते.

युगिओ सोडून पोकेमॉनमधलं एकच कार्ड या पंगतीत बसवावंसं वाटतं: फारफेच्ड. हातात कांद्याची पात धरलेलं बदक. जपानीत कामोनेगी, कामो म्हणजे रानबदक आणि नेगी म्हणजे पात. जपानी म्हण आहे की बदक स्वतःच पात पाठीवर घेऊन आलं. बदक आणि पात हे तिथे एकाच रश्श्यात शिजतात, म्हणजे सावज मसाल्यासकट चालत घरी आलं. आपली 'आंधळा मागतो एक डोळा' जवळपास जाते, पण तिच्यात हा क्रूर विनोद नाही. इंग्रजीवाल्यांनी म्हण सोडून दिली आणि ओढूनताणून आणलेल्या गोष्टीसाठीचा त्यांचा शब्द लावला. तोही छान आहे, पण पात गेली. पहिल्या मूळ संचातल्या त्या कार्डावर पातीने फटका मारण्याची चाल आहे. नाणं उडवायचं, छाप आली तर ३० ची इजा, काटा आला तर काहीच नाही. दोन्ही वेळेस ते बदक खेळात असेपर्यंत ती चाल पुन्हा करता येत नाही. पात एकच होती, वापरली, संपली. दुसरी चाल भांडं फोडण्याच्या नावाची, आणि भांडं म्हणजे अर्थात ज्यात त्याला शिजवायचं तेच. १९९६ च्या कार्डात नाव आणि चाल यांचं इतकं जुळलेलं होतं, हे नवीन संच बनवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आता ब्लॅकविंगच्या खेळाबद्दल, कारण नावांसाठी घेतला तरी डेक खेळायचाच असतो. पहिले काही डाव जड जातात. ट्यूनर आणि बाकीच्यांच्या लेव्हलची बेरीज सारखी डोक्यात ठेवावी लागते, आणि एक कार्ड चुकीच्या क्रमाने उतरवलं की पुढचे तीन अडकतात. गेल अजूनही उत्तम आहे: दर चालीला समोरच्या एका मॉन्स्टरचं बळ निम्मं. एकेकाळी डेकमध्ये ते एकच ठेवायची मुभा होती यावरूनच त्याची किंमत कळते. कालूत हा ब्लॅकविंग हातातून ऐन लढाईत टाकायचा आणि अटॅक १४०० ने वाढवायचा, याची मजा जुन्या काळातली आहे पण शिळी झालेली नाही. दोष म्हणाल तर चित्रांचा दर्जा एकसारखा नाही. सुरुवातीची काही कार्डं, विशेषतः शुरा आणि सिरोको, जोमदार आहेत. नंतरची बरीच नुसती चिलखत घातलेली काळी पाखरं, एकमेकांपासून ओळखू न येणारी. नावात जेवढा वारा आहे तेवढा चित्रात नाही.

जपानी कार्डांची एक अडचण आधीच सांगते: अमेरिका-युरोपातल्या अधिकृत स्पर्धांत ती चालत नाहीत. घरी, मित्रांत, क्लबात खेळायचं असेल तर प्रश्न नाही. बंद पाकिटं घेऊ नका, हव्या त्या कार्डाची आशा धरून पैसे जातात. सुटी कार्डं घ्या. तोक्योत अकिहाबारा आणि नाकानो, ओसाकात निप्पोनबाशी, इथल्या दुकानांत जुने ब्लॅकविंग चिल्लरीत मिळतात, कुणी ओळखीचं तिकडून येत असेल तर नावांची यादी जपानीत लिहून द्या. ज्यांना कागदाची कार्डं नकोत त्यांच्यासाठी 'मास्टर ड्युएल' हे फुकट अ‍ॅप आहे, तिथे भाषा बदलून जपानी नावं वाचता येतात.

जपानी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना तर मी हा डेक आवर्जून सुचवते. नावातल्या प्रत्येक चित्राक्षरावर उच्चार छापलेला असतो आणि एकदा 'जोगेन' असा भेटला की परीक्षेत विसरत नाही.

घ्यायचा क्रम विचाराल तर गेल, वायू, पिनाका, वाता, मग सारुंगा आणि कोची. आणि स्लीव्ह, म्हणजे कार्डांवरची प्लास्टिकची वेष्टनं, घेताना बघून घ्या: युगिओची कार्डं ५९ बाय ८६ मिलिमीटरची, पोकेमॉनच्या कार्डांपेक्षा लहान असतात, त्यामुळे नेहमीच्या मापाच्या स्लीव्हमध्ये ती हलत राहतात. दुकानात 'जपानी साइझ' असं सांगून मागा.